बिग बेसिनला जाताय? खालीही बघा

बे एरियात, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, पाहुणे आले की रेडवूडची उंचच उंच झाडं दाखवायला बहुतेक जण म्यूर वुड्सचं जंगल गाठतात. आम्ही आई-बाबांना मुद्दाम बिग बेसिन या रेडवूडच्याच उद्यानात नेलं. ऑगस्ट २०२० मध्ये विजांमुळे लागलेल्या आगीत ८६ हजारांहून जास्त एकर जळाले. त्यात १९०२ पासूनचं हे उद्यान जवळपास सगळंच गेलं. जुलै २०२२ मध्ये त्याचा थोडा भाग पुन्हा खुला झाला.

रेडवूड लूप ही पायवाट छोटी आणि सपाट आहे, वयस्करांनाही जमते. काळी ठिक्कर खोडं आणि त्यांना थेट अंगावरच फुटलेली हिरवी पालवी! जाड सालीखालचे सुप्त डोळे (कोंब) आगीनंतर जागे होतात. डग्लस फर या सूचिपर्णी झाडांना ते साधत नाही, म्हणून ती वाळून नुसती उभी आहेत.

सगळे माना वर करून फोटो काढतात. पण खरी गोष्ट खालच्या झाडांत आहे. टॅनओक हे ओकच्या कुळातलं, स्थानिक आदिवासींना पिढ्यान्‌पिढ्या फळं पुरवणारं झाड. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापासून कॅलिफोर्नियाच्या किनारी जंगलांत ते रोगाने मरतंय. रोगकारक फायटोफ्थोरा रॅमोरम, बुरशीसारखा एक सूक्ष्मजीव. नाव सांगताच बाबा म्हणाले, "म्हणजे आपल्या सुपारीच्या कोळेरोगाचं भावंडच की!" बरोबर, वंश तोच आणि ओढही तीच, पावसाची. पण सुपारीवर मारतात ते बोर्डो मिश्रण इथल्या डोंगरभर कोण फवारणार?

गंमत म्हणजे रोग पसरवतं ते बे लॉरेलचं झाड स्वतः मरत नाही. पान चुरगळा, तमालपत्रासारखा पण डोक्यात जाणारा वास येतो. पानांवरचे बीजाणू पावसाच्या शिंतोड्यांनी शेजारच्या टॅनओकवर जातात.

रेडवूडला हा रोग मारत नाही. तरीही दक्षिणेला बिग सरमध्ये २००८ च्या आगीनंतर अभ्यासकांना दिसलं, की रोगट पट्ट्यांत रेडवूडही जास्त मेले. मेलेल्या टॅनओकचं वाळलेलं लाकूड आगीला जळण झालं होतं. आगीने रोग जळून जातो, हेही अर्धंच खरं: तो कमी होतो, पण न जळलेल्या बे लॉरेलवर टिकतो, आणि टॅनओकच्या बुंध्यातून आलेले कोवळे फुटवे त्याला आयतेच मिळतात. त्यामुळे 'जंगल आपोआप सावरेल' हे मला रेडवूडपुरतंच पटतं.

आता जाणाऱ्यांसाठी. पार्किंगचं आरक्षण आधी करा, शनिवार-रविवारी तर नक्कीच. हायवे ९ आणि २३६ वर वळणंच वळणं; गाडी लागणाऱ्यांनी गोळी घ्यावी. मोबाइलला रेंज धरू नका, नकाशा उतरवून ठेवा. जेवण वाटेतल्या बोल्डर क्रीक गावातच उरका, पाणी घरून न्या. सावली पूर्वीसारखी नाही, टोपी हवीच. सोसाट्याचा वारा असेल तर बेत बदला, जळक्या फांद्या पडतात.

पावसाळ्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्यात गेलात तर निघताना बुटांचा चिखल तिथेच घासून काढा. रोग त्यातूनही प्रवास करतो. आणि शेकोटीसाठी तिथलं लाकूड गाडीत टाकून आणू नका.