एक प्रश्न कमी

आमच्या धंद्यात गप्प बसायचे पैसे मिळत नाहीत. पक्षकार मागच्या बाकावर बसलेला असतो आणि त्याला आपल्या वकिलाचा आवाज ऐकायचा असतो. वकील जितका तापेल तितकी फी वसूल झाली, असा त्याचा साधा हिशेब. म्हणून सुट्टीआधीच्या गर्दीतला तो दिवस सांगावासा वाटतो. खटला ओळखू येऊ नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

सांगलीच्या जिल्हा न्यायालयात, विजयनगरला, वाटपाचा दावा. मी प्रतिवादीतर्फे, म्हणजे भावातर्फे. वादी त्याची बहीण, सत्तरीकडे झुकलेली. वडिलांच्या पश्चात तिने रजिस्टर हक्कसोडपत्र करून दिलेलं. आता तिचं म्हणणं, सोसायटीच्या कर्जाचा कागद आहे असं सांगून दादाने सही घेतली. असे दावे आमच्याकडे पैशाला पासरी. हिंदू वारसा कायद्यात २००५ ची दुरुस्ती आलीच होती, पण २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्मापासूनचा, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही. आणि घरोघरचे जुने हक्कसोड कपाटातून बाहेर आले.

त्या दिवशी सकाळपासून सगळं उलटंच चाललं होतं. ज्युनिअर तापाने घरी. एक जामीन अर्ज त्याच दिवशी दुसऱ्या कोर्टात बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत. कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून, म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून, रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणं सुटलं हे खरं, पण आता सकाळी सांगली आणि दुपारी कोल्हापूर अशी नवी कसरत सुरू झाली आहे. पुकारा झाला तेव्हा माझ्या मानेची शीर ठणकत होती.

बीपीची गोळी मला आधीच लागलेली. डॉक्टरांनी गोळी दिली आणि बायकोने इगतपुरीच्या विपश्यनेचा फॉर्म भरला. दहा दिवस मोबाइल जमा आणि बोलणं बंद. वकिलाला याहून सक्तमजुरी काय असणार! पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. माझं मन ते तीनही दिवस कोणाची ना कोणाची उलटतपासणी घेत होतं. समाधी वगैरे काही लागली नाही. एक गोष्ट मात्र हाताला लागली. राग आधी अंगात येतो, मग तोंडात. कानाच्या पाळ्या गरम होतात, जबडा आवळतो, आणि त्यानंतर जीभ सुटते. मधे एवढीशी फट असते. तेवढी दिसली तरी कोर्टात पुष्कळ झालं.

हल्ली पुकारा झाला की मी लगेच उठत नाही. बुटातले दोन्ही तळवे जमिनीला टेकलेत का ते बघतो, एक श्वास लांब सोडतो आणि मग उठतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना उतरतात. म्हणून सोडताना घाई करायची नाही. बघणाऱ्याला वाटतं, वकीलसाहेब फाईल शोधतायत.

वादी बहीण, आक्का, पिंजऱ्यात उभ्या. न्यायाधीश साहेबांनी खुर्ची द्यायला सांगितली, त्या नको म्हणाल्या. हातात कापडी पिशवी, तिचा बंद त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. मला एकच गोष्ट काढायची होती: हा कागद हक्कसोडीचा आहे हे त्यांना कधी कळलं? असा दस्त रद्द करून मागायचा तर मुदत कायद्याच्या आर्टिकल ५९ प्रमाणे तीन वर्षं, आणि ती कळल्या दिवसापासून मोजायची. दावा २०२४ च्या डिसेंबरातला. सरतपासात, म्हणजे स्वतःच्या बाजूने साक्ष देताना, त्यांनी सांगितलेलं, दाव्याच्या आदल्या वर्षी सात-बारा काढला तेव्हा कळलं.

मी तीन बाजूंनी विचारलं, तिन्ही वेळा तेच उत्तर. समोरचे वकील उठले. हरकत घेतली आणि वर म्हणाले, "वकीलसाहेबांना हल्ली ऐकू कमी येतं वाटतं." बाकांवर हशा पिकला. मागून माझ्या पक्षकाराचं "बोला की वो!" ऐकू आलं.

कानाच्या पाळ्या तापल्या. पूर्वीचा मी असतो तर दहा मिनिटं आम्हा दोघांचीच जुंपली असती, आणि साक्षीदार पाणी पिऊन ताजातवाना झाला असता. मी श्वास सोडला आणि नजर आक्कांवरच ठेवली. बोटाला बंद गुंडाळणं थांबलं होतं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, भावाकडे बघत होत्या. आणि मला आठवलं, अर्ध्या तासापूर्वी माहेरी येणं-जाणं होतं का असं विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "पुराच्या साली बंद झालं." भलत्याच प्रश्नाच्या उत्तरात आलेलं वाक्य. मी ते टिपूनसुद्धा घेतलं नव्हतं.

"आक्का, २०१९ च्या पुरात माहेरची जमीन पाण्याखाली गेली होती?"

"गेली की. ऊस समदा कुजला."

पुढचा प्रश्न माझ्या ओठांवर होता. विचारला नाही, थांबलो. कोर्टात पाच सेकंद फार मोठे असतात. टायपिस्टनेसुद्धा वर बघितलं.

"भरपाई आली समद्यास्नी," त्या आपणहून बोलल्या. "यादीत माजं नाव न्हवतं. मी दादाला इचारलं."

"ते काय म्हणाले?"

"म्हनला, तू हक्क सोडल्याली सही दिलीयास, आता तुजं नाव कुटलं."

साहेबांनी ते शब्दशः उतरवून घेतलं. म्हणजे कागद कसला ते त्यांना पुराच्या सालीच कळलं होतं. कोरोनातला १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सुप्रीम कोर्टाने मुदतीतून वगळला आहे. तो काळ सोडून मोजलं तरी दावा काही महिने उशिरा पडतो. समोरचे आता म्हणतील, फसवून घेतलेला कागद मुळातच शून्य आहे, रद्द करून मागायची गरजच नाही, मग कसलं आर्टिकल ५९! म्हणोत. तो मुद्दा आर्ग्युमेंटला बघू.

मागून गाऊन ओढला गेला. "साहेब, तिच्या नवऱ्याच्या दारूचं इचारा. कर्ज फेडायला केस केलीया म्हणावं." मी "उलटतपास संपला" म्हणालो आणि खाली बसलो. पक्षकाराला दिलेलं कारण धंद्याचं होतं: आणखी एक प्रश्न म्हणजे तिला आधीचं उत्तर सावरून घ्यायची आयती संधी. दुसरं कारण मी त्याला सांगितलं नाही. त्या बाईने आत्ताच माझ्या तोंडावर खरं सांगून स्वतःचा दावा अडचणीत आणला होता. त्यावर तिच्या नवऱ्याची दारू काढायची मला लाज वाटली.

बाररूममध्ये चहाला हे सांगितलं तर एक ज्येष्ठ म्हणाले, "तिहारमध्ये १९९४ ला हजारभर कैदी विपश्यनेला बसवले होते. कैद्यांना ध्यान आणि त्यांच्या वकिलांना ऍसिडिटी!" हसलो सगळे. पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नाही. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे १२,८०० वकिलांमधल्या २८ टक्क्यांत नैराश्याची लक्षणं दिसली, आणि पाचातल्या एकाचं पिणं काळजी करण्याजोगं निघालं. आपल्याकडे कोणी मोजत बसत नाही. कोर्ट सुटल्यावर कोण कुठे बसतं, हे मात्र सगळ्यांना ठाऊक असतं.

उलट बाजूही सांगतो. ज्युनिअरला महिनोन्महिने पेट्रोलपुरते पैसे द्यायचे आणि वर 'ध्यान कर, ताण जाईल' म्हणायचं, हा शुद्ध चावटपणा आहे. त्याचा ताण श्वासात नसतो, खिशात असतो. आणि एका तरुण वकिलाने झोपच लागत नाही, जगावंसं वाटत नाही असं सांगितलं, तेव्हा मी त्याला डोळे मिटून बसवलं नाही, थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फोन करायला पैसे पडत नाहीत.

संध्याकाळी जिन्यात पक्षकार भेटला. जिंकल्याच्या थाटात होता. "कागद आज आपल्या बाजूला आहे," मी म्हणालो, "म्हणूनच आज मध्यस्थीला बसा. निकालानंतर अपील कोल्हापूरपर्यंत जाईल, तुम्ही दोघंही सत्तरीत आहात."

तो रेलिंगला टेकून बराच वेळ खाली गाड्यांकडे बघत राहिला.

"तिनं ते खरं कशापायी सांगितलं वो?"

"तुम्ही समोर बसला होता."

"हं." मग टोपी काढून पुन्हा घातली. "किती द्यावं लागंल?"