फुकट द्यायच्या वाकळेला एवढे टाके कशाला?

मैत्रिणींच्या अर्धवट राहिलेल्या वाकळा मी पुऱ्या करून देते, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. पण ऊसतोड मजुरांसाठी किंवा दवाखान्यासाठी शिवायला घेतलेली वाकळ मांडीवर दिसली, की प्रश्न येतोच. "काकू, ही तर फुकट द्यायची. मग मशीनवर चार टिपा मारून मोकळ्या का होत नाही?" विचारणारीला माझ्या बोटांची काळजी असते, हे मला कळतं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

मैत्रिणीची वाकळ पुरी करणं नाजूक असतं, पण अवघड नसतं. मध्ये एका मैत्रिणीच्या आईची वाकळ माझ्याकडे आली. आईंचा टाका तांदळाएवढा, आणि प्रत्येक ओळ डावीकडे किंचित उतरलेली. कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत त्या आत येत होत्या. मधला भाग राहून गेला. अशा कामात आपला हात दाखवायचा नसतो. मी त्यांचा एकही टाका उसवला नाही, ओळही तशीच उतरती ठेवली. दोरा मात्र मैत्रिणीच्या सांगण्यावरून थोडा फिका घेतला. आईचं काम कुठपर्यंत, हे तिला बघता यायला हवं होतं. आता ती वाकळ कपाटात असते, डांबराच्या गोळ्यांत. वर्षाकाठी एखादं धुणं, तेही हलक्या हातानं. माझे टाके किती पक्के आहेत हे तिथे कधी कळायचंच नाही.

ते कळतं कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या साखर कारखान्याच्या भागात उतरतात आणि मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात. अंथरूण तेच, पांघरूणही तेच. पहाटे अंधारात जोडपं उसाच्या फडात निघालं की लेकरू त्याच वाकळेत गुंडाळून बरोबर जातं आणि पाचटावर निजतं. खालून दहिवर, वरून धूळ. धुणं मिळेल त्या पाण्यात, दगडावर आपटून. हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, हे असंच चालतं. त्या घरात दुसरी वाकळ असेलच असं नाही.

म्हणून तिथे कापडापासूनच निवड करावी लागते. लोक प्रेमानं साड्या आणून देतात, पण त्यांतल्या बऱ्याच सिंथेटिक निघतात. कोपीत चूल आणि अंथरूण जवळजवळच असतं. सुती कापडही पेटतं, पण सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं, ते जास्त वाईट. शंका आली की कडेचा एक धागा काढून मी जाळून बघते. सुती धाग्याची मऊ राख होते, चिमटीत भुगा होतो. सिंथेटिकची कडक गोळी होते. गोळी झाली की ती साडी पिशव्यांसाठी बाजूला ठेवते, मग रंग कितीही सुरेख असो. जुनं नऊवार मिळालं तर सोनंच. आठ मीटरच्या आसपास कापड, चार पदरी घडी घातली की दोन मीटरची लांबी तयार. पन्हा कमी पडतो, तिथे दुसरं जोडायचं.

आता मशीनचं. घरच्या मशीनखाली चार-पाच पदर एकत्र सरकत नाहीत. वरचा पदर पुढे ढकलला जातो आणि चुण्या पडतात. त्या टाळायला लोक टिपा लांब-लांब मारतात. मग चार धुण्यांत आतले तुकडे एका जागी गोळा होतात, आणि उरलेल्या ठिकाणी दोनच पदर शिल्लक. थंडी नेमकी तिथून शिरते. हातानं घातलेला जवळजवळचा धावदोरा प्रत्येक पदराला जागच्या जागी धरून ठेवतो. दोरा कुठे तुटलाच, तर शेजारची ओळ सांभाळून घेते.

आणि वाकळ फाटते ती बहुतेकदा कडेनं. मधल्या टाक्यांचं सगळे कौतुक करतात, कडेच्या पट्टीकडे, म्हणजे गोटाकडे, कुणी बघत नाही. मी गोट दुहेरी लावते आणि कोपऱ्यांत आणखी एक तुकडा आत घालते, कारण वाकळ ओढायची ती कोपरा धरूनच. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज आहे; तिथल्या बायका त्यांच्या वाकळेच्या, म्हणजे कवंदीच्या, चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची फुलं लावतात. फुलं नसली तर कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. मला ती रीत फार आवडते. सगळ्यात जास्त झिजणाऱ्या जागेला त्यांनी मान दिला आहे.

दवाखान्याचं गणित वेगळं. रुग्णाबरोबर आलेली माणसं व्हरांड्यात झोपतात, बादलीत धुतात, आणि संध्याकाळपर्यंत वाळायला हवं असतं. त्यांना तीनच पदर. नवजात बाळाच्या दुपट्याला मात्र मी सगळ्यात जास्त वेळ देते. टाका लांब असला तर बाळाचं बोट त्यात अडकतं. मोकळा राहिलेला दोरा बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला लवकर उमगत नाही. म्हणून गाठी पदरांच्या आत दडवायच्या, दोऱ्याचं टोक बाहेर ठेवायचं नाही. शेवटी दोन्ही बाजूंनी बोट फिरवून बघायचं. जर, टिकल्या, आरसे काहीही नको.

तुमच्याकडे घरात अर्धी राहिलेली वाकळ असेल, तर जरूर आणा. फक्त आधी गरम पाण्यात धुऊन उन्हात खडखडीत वाळवा, जरीचा काठ असेल तर उसवून ठेवा, आणि ती कुणासाठी पुरी करायची ते आधी सांगा. त्यावरून पदर किती घ्यायचे आणि गोट कसा लावायचा, ते मला ठरवता येतं. दोरा माझ्याकडे आहे.