ऊन इथं कमी होतं का?

२७ मे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ तापलेले दिवस. त्यातला आज तिसरा.

दुपारचे अडीच. कूलरच्या टाकीत दुसऱ्यांदा पाणी टाकून आलो. ताट्यांना वाळ्याचा वास सुटलाय आणि आतल्या खोलीतून आईनं पुन्हा तोच प्रश्न टाकलाय, "राजस्थानात काऊन गेला होता रे? ऊन इथं कमी होतं का?"

कमी नव्हतं. तीच तर घमेंड होती. आम्ही नागपूरकर संत्र्यांबद्दल बोलणार नाही एवढं उन्हाबद्दल बोलतो. २०१३च्या मेमध्ये ४७.९ झालं होतं, हे मी आजवर किती पाहुण्यांना ऐकवलं असेल! २०२४च्या मेअखेर इथल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ दिसलं, तेव्हा तर छाती फुगली होती. नंतर हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सर बिघडला होता. जरा वाईटच वाटलं.

तर भाच्यानं मोटारसायकलवरून थरला, जैसलमेरच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात जाऊ म्हटलं, तेव्हा मी एका शब्दात हो म्हणालो. त्याला माळढोक बघायचा होता. मलाही. लहानपणी वरोऱ्याचे मामा सांगायचे, तिकडच्या शेतात हा पक्षी दिसतो. नागपूरहून दोन-अडीच तासांवर होता, तेव्हा कोणी गेलं नाही. आता त्याच्यासाठी चार दिवस गाडी हाणायची.

भोपाळ, चित्तोडगड, जोधपूर. इथवर लिहिण्यासारखं काही नाही. पहाटे साडेचारला निघायचं, अकराला गाडी सावलीत लावायची, असा भाच्याचा नियम होता आणि तो पाळला गेला. चौथ्या दिवशी मी मोडला. जोधपूरला मिरचीवड्यापाशी रेंगाळलो आणि निघायलाच नऊ वाजले.

पोकरण यायच्या आधी साडेबारा झाले होते. फोनवर ४५. मी जॅकेटची झिप पोटापर्यंत उघडली, वारा लागावा म्हणून. भाचा बाजूला गाडी आणून ओरडला, "मामा, झिप लावा!" मी हात हलवला. त्याचा वाळवंटातला अनुभव काय, शून्य. माझं अख्खं आयुष्य नागपूरच्या इतवारीत गेलेलं.

पण तिथं माझं सगळं गणित उलटं होतं. हवा अंगापेक्षा थंड असेल तोवरच वारा गार लागतो. आपली कातडी ३५ अंशांच्या आसपास. ४५च्या हवेत गाडी ऐंशीनं पळवली की छातीवर भट्टीचं तोंड उघडल्यासारखं होतं. शिवाय हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही, येतो तसा उडतो. मला वाटलं, अरे, घामसुद्धा नाही, मजेत चाललंय. तहान लागली नाही, म्हणून पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीच्या नळीतून पाणी ओढलं नाही. ओढलं तेव्हा चहासारखं लागलं.

मग दंडावर काटा आला. भर उन्हात, थंडीनं यावा तसा. गिअर चुकला. थांबलो तेव्हा पाय टेकायला उशीर झाला आणि गाडी माझ्यासकट आडवी.

रस्त्याकडेला एक खेजडी होती. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा करतो ती. तिच्या चाळणीसारख्या सावलीत आधीच मेंढ्या होत्या, प्रत्येकीनं दुसरीच्या पोटाखाली डोकं घातलेलं. भाच्यानं मला त्यांच्या शेजारी बसवलं, डोक्यावर, मानेवर, काखेत पाणी ओतलं आणि वारा घालत बसला. मग मीठ-साखरेचं पाणी, घोट घोट. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तासाभरानं त्यानं माझा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट भिजवला, न पिळता अंगात घातला आणि वर जॅकेट गळ्यापर्यंत बंद केलं. गळ्याशी आणि मनगटाशी बोटभर फट. आत शिरणारी चिमूटभर हवा ओलं कापड हळूहळू सुकवते आणि अंग गार राहतं. म्हणजे आपला कूलरच! ताट्या अंगावर. तरी त्या दिवशी त्यानं मला पोकरणच्या पुढे जाऊ दिलं नाही. तिथंच खोली घेतली आणि मी रात्रभर झोपलो.

माळढोक दिसला नाही. पहाटे जैसलमेरजवळच्या सम गावाच्या बाजूला दोन चिंकारा दिसले, बिळाच्या तोंडाशी सांडा, म्हणजे वाळवंटातला काटेरी शेपटीचा सरडा दिसला, आणि विजेच्या तारा तर क्षितिजापर्यंत. काही तारांवर गरगर फिरणाऱ्या चकत्या टांगल्यात, पक्ष्यांना तार लांबूनच दिसावी म्हणून. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, त्यात पंधरा किलोपर्यंतचं धूड, तार दिसली तरी ऐनवेळी वळता येत नाही. जगात उरलेत दीडशेच्या आसपास. भाचा दुर्बिणीतून बराच वेळ त्या चकत्याच बघत होता.

आज सकाळी अकराला वर्धा रोडवर काम होतं. शर्ट भिजवला, वर जॅकेट चढवलं, निघालो. सिग्नलवरच्या हिरव्या जाळीखाली शेजारच्या स्कूटरवाल्यानं दुपट्ट्यातून डोळे बाहेर काढून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काऊन काका, थंडी वाजून राहिली का?"

माझ्या बाहीतून त्याच्या चपलेवर पाणी टपकत होतं.