दाराचे पाय

दुपारचे जेवण आटोपून मी हॉलमध्ये चटई टाकून लवंडले होते. ऑक्टोबरातले ऊन गॅलरीच्या काचेतून आत येऊन पार माझ्या उशीपर्यंत पोचले होते, म्हणून कूस बदलली आणि डोळ्यांसमोर सरकत्या दाराचा ट्रॅक आला. त्यातून मुंग्यांची एक रांग चालली होती. पापडाचा कसलासा तुकडा दोघी-तिघींनी मिळून उभा धरला होता आणि बाकीच्या नुसत्याच लगबगीने पुढेमागे करीत होत्या. ट्रॅकच्या टोकाशी एक लांबट भोक आहे, तिथे ही रांग वळून दिसेनाशी होत होती. ते भोक पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून ठेवलेले असते. तिथून मुंग्या जात आहेत म्हणजे ते तुंबलेले नाही, एवढा दिलासा घेऊन मी त्यांना तशाच जाऊ दिले.

जमिनीला कान टेकल्याशिवाय ही जागा कोणाला दिसत नाही, आणि सरकत्या दाराची सगळी दुखणी नेमकी तिथेच असतात. बिजागरीच्या दाराचे तसे नसते. ते भिंतीला धरून लटकते, त्याचा भार चौकट सोसते आणि त्याची कुरकुर आपल्या कानाच्या उंचीवर ऐकू येते. सरकते दार मात्र आपले सगळे वजन खालच्या दोन चाकांवर घेऊन घरातल्या सर्वांत खोल आणि सर्वांत मळक्या खाचेतून जन्मभर चालत असते. हे वजन थोडेथोडके नाही. काच चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो भरते. आमच्या दाराचे एक शटर, म्हणजे सरकणारे एक पान, सात फूट उंच आणि तीन फूट रुंद आहे, काच पाच मिलिमीटरची आहे. म्हणजे ॲल्युमिनियमची चौकट सोडून नुसती काचच चोवीस किलोंच्या घरात गेली. दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या नायलॉनच्या दोन चाकांकडून आपण ही हमाली करून घेतो आणि दार जरा जड झाले की त्याच्याच नावाने खडे फोडतो.

दार अडले की बहुतेक माणसे हँडलला धरून जोर लावतात. हँडल असते कमरेच्या वर, अडथळा असतो पायाशी. त्यामुळे जोर लावला की शटर कलते, एक चाक उचलले जाते आणि सगळा भार दुसऱ्यावर येतो. पाहुणे दाराकडे निघाले की मी आधीच उठते आणि ‘थांबा हं, मी उघडते’ म्हणते. लोकांना तो आदरातिथ्याचा भाग वाटतो. वाटू दे.

दुसरी माझी चीड तेलाची आहे. शिलाई मशीनच्या तेलाची ती चोचदार बाटली ज्या घरात आहे, त्या घरात ती कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर रिकामी केली जाते, आणि बाटली सापडली नाही तर खोबरेल आहेच. बिजागरीला तेल द्यावे, अवश्य द्यावे. पण ट्रॅकमध्ये तेल ओतले की पहिले आठवडाभर दार लोण्यासारखे सरकते आणि त्यानंतर त्या तेलावर रस्त्याची धूळ, कबुतरांची पिसे, कणकेचे कण आणि उदबत्तीची राख बसून असा काळा चिखल तयार होतो, की तो खरवडताना नखे जातात. ट्रॅकला वंगण नको असते, झाडणे हवे असते. आधी कोरड्या, जुन्या टूथब्रशने कोपऱ्यातला कचरा मोकळा करायचा, तो सुपलीत किंवा व्हॅक्यूममध्ये घ्यायचा आणि मगच बोथट सुरीला ओले फडके गुंडाळून खाच पुसायची. हा क्रम उलटा करून आधीच पाणी ओतणाऱ्यांना मी काही सांगायला जात नाही. त्यांचे त्यांना कळते. एवढे करूनही दार कुरकुरलेच, तर कोरड्या रुळावर मेणबत्ती फिरवावी.

मेणबत्तीची ही विद्या माझी नव्हे, मामाची आहे. आजोळी, सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेत, मामाचे किराणा मालाचे दुकान होते आणि त्याला शटर नव्हते, फळ्या होत्या. सागाच्या उभ्या, पुरुषभर उंचीच्या, प्रत्येकीच्या पाठीवर डांबराने घातलेला आकडा. रात्री दुकान बंद करायच्या वेळी आम्ही भाचरे आकड्यांप्रमाणे एकेक फळी मामाच्या हाती देत असू आणि तो ती आधी वरच्या तुळईच्या खाचेत खुपसून, मग खालच्या खाचेत हलकेच सोडून, सरकवत सरकवत शेजारणीला भिडवत असे. वरची खाच खोल आणि खालची उथळ, यातच सगळी गंमत होती. फळी वर उचलली तरच तिचा पाय सुटायचा, आणि शेवटच्या फळीला आतून कडी बसली की कोणतीच फळी हलायची नाही. पाचच्या आधी सात दिली तर मामा काही बोलत नसे, नुसता हात पसरून उभा राहत असे. बाहेर पाऊस, पेठेतले दिवे गेलेले, आणि हात पसरलेला मामा, हे चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. चुकीची फळी कोणी दिली होती ते मात्र आमच्यात अजून ठरायचे आहे.

आषाढात फळ्या फुगत. मग मामा गल्ल्यातून मेणबत्तीचे थोटूक काढून खालच्या खाचेत कण्हत कण्हत घासत असे, आणि ते घासून झाले की तेच थोटूक पेटवून हिशेबाला बसत असे. लाकूड ओलाव्याने फुगते, ॲल्युमिनियम उन्हाने वाढते. दोन मीटरची पट्टी तीस अंशांनी तापली तर मिलिमीटरहून थोडी अधिकच लांबते. त्यामुळे मामाची फळी आषाढात अडायची आणि आमचे पश्चिमेकडचे दार वैशाखात चार वाजता रुसते. ते संध्याकाळी आपोआप निवळते, म्हणून त्या वेळी त्याच्याशी झटापट करू नये.

आजीच्या घरातला उंबरठा मात्र कधी मळलेला पाहिला नाही. तो रोज सकाळी पाण्याने पुसला जाई, त्याला हळदकुंकू लागे, दोन्ही बाजूंना रांगोळीची बोटे ओढली जात, आणि मग दिवसभर त्यावर उभे राहायचे नाही, बसायचे नाही, तिथे शिंकायचे नाही, असे नाना दंडक असत. यामागे धर्म किती होता मला सांगता येणार नाही, पण रोज कोणीतरी तिथे वाकत होते, हे खरे. आमच्या गॅलरीचा ट्रॅक हाही उंबरठाच आहे. फक्त तो खोलगट आहे आणि त्याला कोणी देव मानत नाही. हिरण्यकशिपूला मांडीवर घेऊन बसायला नरसिंहाला उंबरठा लागला होता. आमच्या ट्रॅकवर त्याला बूड टेकता आले नसते, आणि टेकले असते तर ॲल्युमिनियम वाकले असते.

पावसाळ्यात मुंग्यांच्या त्या भोकाचे मोल कळते. ताशी साठ किलोमीटर वेगाने येणारा वारा ट्रॅकमधले पाणी दीड-पावणेदोन सेंटिमीटर वर उचलून धरू शकतो. आम्ही समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो, तिथे जुलैत असे वारे नवलाचे नाहीत. काचा कितीही घट्ट लावल्या तरी पाणी ट्रॅकमध्ये येणारच; ते बाहेरच्या बाजूने निघून जायला वाट हवी, एवढीच अपेक्षा असते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी झुरळे येतात म्हणून ती भोके पांढऱ्या सिमेंटने व्यवस्थित लिंपून घेतली. काम सुबक झाले होते, मी स्वतः पाहिले. पहिल्या मोठ्या पावसात त्यांच्या हॉलमध्ये पाणी आले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या छताला ओल आली. भोकावर बारीक जाळीचा तुकडा लावला की झुरळेही थांबतात आणि पाणीही अडत नाही, फक्त ती जाळी अधूनमधून ब्रशने मोकळी करावी लागते. हे मी त्यांना जिन्यात सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या वर्षी दारच काढून टाकून गॅलरी हॉलमध्ये घेतली.

खाऱ्या वाऱ्याने आमच्याही दाराच्या चाकांचे बेअरिंग गंजले आणि गेल्या उन्हाळ्यात ते अगदीच बसले. बोलावलेला मुलगा विशीतला होता. त्याने दार एकदा इकडून तिकडे नेले, तळवा काचेवर ठेवून थरथर पाहिली आणि म्हणाला, “काकू, बेअरिंग गेलंय. ट्रॅक अजून चांगला आहे, तो बदलायला नको.” मला तो तिथेच आवडला, कारण त्याच्या आधी येऊन गेलेल्याने संपूर्ण दार नवे घेण्याचा हिशेब कागदावर मांडून दिला होता. या मुलाने आणि त्याच्या जोडीदाराने शटर दोन्ही कडांनी धरले, वर उचलून वरच्या खाचेत खोल सारले, खालचा भाग स्वतःकडे ओढला आणि ते अलगद बाहेर काढले. मामाची फळी अगदी अशीच सुटायची. शटर सतरंजीवर आडवे केल्यावर त्याने पेचकसाने चाके काढून माझ्या हातावर ठेवली. एक चाक एका बाजूने झिजून सपाट झाले होते. दोन्हींच्या आसांभोवती केस गुंडाळलेले होते, इतके घट्ट की ते ब्लेडने कापावे लागले. वरच्या थराला सासूबाईंचे पांढरे, त्याखाली माझे मेंदीचे, आणि अगदी आत, आसाला चिकटून, लांब काळे. ते लेकीचे. तिला लग्न होऊन नाशिकला जाऊन कितीतरी वर्षे झाली.

नवी चाके स्टेनलेस स्टीलच्या बेअरिंगची घेतली. शटरच्या कडेला फट बुजवायला लावलेले, आता झडलेले केसाळ ब्रशही त्याने बदलले, त्यामुळे वाऱ्याची रात्रीची शीळ थांबली. शटर पुन्हा चढवण्याआधी मात्र त्याने काचेचे चारही कोपरे बारकाईने पाहिले. टफन्ड काचेवर कोपऱ्यात एक लहानसा शिक्का असतो, तो त्याला सापडला नाही. “ही साधी काच आहे, काकू. फुटली तर सुऱ्यांसारखे तुकडे होतील. लहान मूल असेल घरात तर बदलून घ्या.” टफन्ड काच फुटली की तिचे बारीक, बोथट खडे होतात, हे मला ठाऊक होते. ती एकदा भाजून कडक केली की कापता येत नाही, म्हणून आधीच नेमके माप द्यावे लागते, हे त्याने सांगितले. जाडी तीच ठेवली तर वजनही तेवढेच राहील आणि ही चाके चालतील, असेही तो म्हणाला. त्या वेळी मी बघू म्हटले, कारण नातू तेव्हा रांगत होता.

आता तो धावतो, आणि काच स्वच्छ असली की त्याला ती दिसत नाही. दिवाळीला तो इथे असेल. मी कालच माप देऊन आले आहे.