शाळेतल्या मुलींच्या बाथरूमला कडी आणि पाणी मिळेपर्यंत – माझा अनुभव

कोल्हापूरहून गगनबावड्याकडं जाताना रस्त्यापासून जरा आत आमचं गाव, जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आणि मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य. आजूबाजूच्या गावातल्या बायका विचारत असतात की हे काम तुम्ही करून कसं घेतलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सातवीच्या बाई मला म्हणाल्या, ताई, जरा हजेरीचा कॅटलॉग बघा. बघितलं तर ठराविक पोरी दर महिन्याला सलग तीन-चार दिवस गैरहजर, कारण काय तर पोटात दुखतंय, पाव्हणे आलेत, आजीला बरं नाही. एकीची आई तर सरळच बोलली, "शाळंत जाऊन करणार काय ती? बदलायचं कुठं? त्यापेक्षा बसू दे की घरात." आता त्या माऊलीला मी काय सांगणार? घरात पाळी येणाऱ्या तीन बायका, भांगलणीच्या मजुरीवर घर चालतंय, पॅडचं पाकीट ही तिच्यासाठी चैन आहे, मग कापडच वापरायचं. कापडाला माझी हरकत नाही, पण ते स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळायला पाहिजे, आणि दोरीवर दिसेल म्हणून पोरी ते दुसऱ्या कपड्याखाली नाहीतर पत्र्यामागं टाकतात, ओलसरच परत वापरतात आणि मग खाज, चट्टे सगळं सहन करत बसतात, सांगत कुणालाच नाहीत. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या पोरींचं तर त्याहून अवघड, त्यांच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, ना मोरी ना नळ.

मग मी शाळेतलं बाथरूम आत जाऊन बघितलं. दाराची कडी मोडलेली, एक पोरगी आत गेली की मैत्रिणीनं बाहेर दार धरून उभं राहायचं. नळ होता पण त्याला पाणी नाही, बादली हापशावरून आणायची, म्हणजे अख्ख्या मैदानातून सगळ्या पोरांसमोरून न्यायची, आणि बादली घेऊन निघाली की सगळ्या शाळेला कळलंच. कापड नाहीतर वापरलेलं पॅड टाकायला डबा पण नाही, पोरी ते कागदात गुंडाळून दप्तरातून घरी न्यायच्या. बारा वर्षांची पोरगी वह्यांच्या शेजारी ते ठेवून दिवसभर वर्गात बसणार, तिचं लक्ष फळ्याकडं कसं लागेल? पॅड वाटले की प्रश्न सुटला असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा अशा बाथरूममध्ये जाऊन यावं.

विषय आधी समितीच्या बैठकीत घेतला. कायद्यानं समितीत निम्म्या बायका पाहिजेत, आमच्यात आहेत पण, मात्र पाळी म्हटलं की सगळ्यांच्या माना खाली. मग मी शब्दच बदलले, "मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती, पाण्याची टाकी, कडी, झाकणाचा डबा" असा ठराव लिहून घेतला, सूचक मी, अनुमोदक सहावीतल्या एका पोरीचे वडील. कारण सांगताना मात्र पाळी हा शब्द मुद्दाम स्पष्ट बोलले. ठराव आणि अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत गेले तर उत्तर एकच, निधी नाही. इथं एक सांगते, अर्ज दिला की त्याची पोच शिक्क्यासकट घ्याच, पुढं सगळीकडं तीच विचारतात.

आशाताईंनी, म्हणजे गावातल्या आशा सेविकेनं, वाट दाखवली. म्हणाल्या, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायलाच लागते, तिथं मांडा. आम्ही घरोघरी जाऊन बायका गोळा केल्या. सभेत सुरुवातीला कुणी बोलेना, मग मागनं एक आजी उठल्या, "आमी ते दिवस गोठ्यात बसून काढलं, नातीला तरी शाळंत बसू दे." त्यानंतर ज्या बायका बोलायला लागल्या त्या थांबेचनात. केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या १५ व्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यासाठीच राखून ठेवलेला होता, मग शाळेचं बाथरूम त्यात का बसत नाही, हा प्रश्न आम्ही लेखी विचारला आणि काम गावाच्या विकास आराखड्यात घालून घेतलं. हे फार महत्त्वाचं, आराखड्यात नाव नसेल तर पैसा असून पण मिळत नाही.

पुढं इस्टिमेटसाठी तालुक्याच्या ऑफिसात हेलपाटे. कधी साहेब फिल्डवर, कधी फाईल दुसऱ्या टेबलावर. कंटाळा यायचा, पण दर वेळी दोघी-तिघी मिळूनच गेलो, एकटीला लवकर परत पाठवतात. शेवटी मंजुरी आली, टाकी बसली, नळाला पाणी आलं, आतून कडी बसली.

पॅडचं वेगळं बघितलं. २०१८ मध्ये अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयात सुरू झालं होतं, आमच्या बचत गटाकडचा साठा कधीच संपला. आता जनऔषधी केंद्रातून एक रुपयाला एक मिळणारे सुविधा पॅड आणतो, पैसे ग्रामपंचायतीनं महिला बालकल्याणासाठी राखायच्या १० टक्के निधीतून. पेटी बाईंच्या कपाटात नाही, बाथरूममध्येच ठेवलीय, मागायला लागलं तर पोरी घेणारच नाहीत. जाळायचं मशीन घ्या म्हणून एकजण मागं लागला होता, आम्ही नको म्हटलं, लाईट गेली की ते बंद आणि बिघडलं की दुरुस्तीला कोण येणार? झाकणाचा डबा आणि घंटागाडीत वेगळा कप्पा, एवढं पुरतंय.

कॅटलॉगमधल्या त्या सलग दांड्या आता बऱ्याच कमी झाल्यात. पण आठवीला पोरी एसटीनं दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जातात आणि तिथलं मुलींचं बाथरूम कुलूप लावून ठेवलेलं असतं. तिथं पण अर्ज दिलाय, पोच घेतलीय, पुढच्या पालक सभेला आम्ही सगळ्या जणी जाणार आहोत.