चावीची टकटक

दुपारी गिरणी बंद होते, पट्ट्याची फडफड मंदावते आणि शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत पुलीच्या पोटातून 'टक' येतं. दळणाचा डबा घेऊन उभ्या असलेल्यांना ते ऐकू येत नाही. ज्याला येतं त्याला मग दुसरं काही सुचत नाही. चावी ढिली झालीय. कुलपाची नव्हे; पुली शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, घसरू नये म्हणून दोघांच्या मध्ये बसवलेला पोलादाचा तुकडा.

बिचारी चावी! अर्धी शाफ्टमध्ये, अर्धी पुलीत, आणि सगळा पीळ हिच्या अंगावर. ३० मिलिमीटरच्या शाफ्टला ती ८ रुंद, ७ उंच. शाफ्टमधला गाळा, म्हणजे चावीची खाच, ४ खोल, पुलीतला ३.३. म्हणजे डोक्यावर ०.३ मोकळे. ते मोकळेच राहायला हवेत, कारण समांतर चावीने कुशीने पकडायचं असतं, डोक्याने नव्हे. पण ती फट कुणाच्या तरी डोळ्यांत खुपते. मग चहाच्या डब्याचा पत्रा कापून वरून ठोकला जातो, पुली एका अंगाला सरकते आणि डुलत फिरू लागते. त्या पत्र्याला क्षमा नाही.

ग्रब स्क्रूचंही, म्हणजे पुली जागेवर दाबून धरणाऱ्या बिनडोक्याच्या स्क्रूचंही, तसंच. एक चावीवर, दुसरा नव्वद अंशांवर थेट शाफ्टवर. त्याच्या टोकाखाली शाफ्टला फोड येतो आणि पुढच्या खेपेला पुली निघता निघत नाही. आधी कानशीने तेवढीच जागा सपाट केली असती तर पुली ओढून काढायचा पुलर, हातोडा आणि शिव्या, तिन्ही वाचलं असतं.

शाफ्ट लवतो म्हणून ईएन ८ पोलादाचा काढून महागाच्या, जास्त मजबूत ईएन २४ चा घालणारेही भेटतात. तो तुटायला जड, पण लवायला तेवढाच. ताठपणा दोन्ही पोलादांत जवळजवळ सारखा. जाडी वाढवावी. २५ मिलिमीटरचा ३० केला की पिळाची ताकद पावणेदोनपट, ताठपणा दुपटीहून थोडा जास्तच. पण मग ६२०५ चं बेअरिंग ६२०६ होतं, बेअरिंगचे ठोकळे बदलतात, पुलीचं भोक वाढवावं लागतं. मालक म्हणतो, राहू द्या, चालतंय.

आणि त्या चालण्यात डोकं वर काढलेला एखादा स्क्रू असतो, नाहीतर बाहेर डोकावणारी चावी. फिरत्या शाफ्टवरचा प्रत्येक स्क्रू, बोल्ट, चावी आत बुडवावी किंवा झाकावी, असं १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २६व्या कलमात लिहिलं होतं. गल्लीतल्या गिरणीत कलम कोण वाचतो? पट्ट्यापासून हातभर अंतरावर ओढण्या आणि पदर रांगेत उभे असतात.