सांडपाणी केंद्र पाहायला जाताय? आधी ओढ्यात उतरा

गावाबाहेरचं छोटं सांडपाणी प्रक्रिया केंद्र पाहायला मी दोनदा गेलो. पहिली खेप वाया गेली, कारण भर दुपारी पोचलो. सांडपाणी साठवून साफ करायचं तळं हिरवंगार, वास नावाला, मीटरवर विरघळलेला ऑक्सिजन भरपूर. खूश होऊन निघालो, तर केंद्र सांभाळणारे काका हसले. "दुपारी सगळीच तळी गुणी असतात. उजाडायच्या आत या."

अशा दीडेक मीटर खोल तळ्यात घाण खाणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन मुख्यतः शेवाळ पुरवतं, आणि त्याला ऊन लागतं. रात्री ते पुरवणं थांबतं, पण जिवाणूंचं आणि शेवाळाचंही श्वसन चालूच. दुसऱ्या खेपेला अंधारात पोचलो तेव्हा तेच मीटर लिटरमागे एक मिलिग्रॅमही दाखवत नव्हतं. तेव्हा पहाटेच जा. आदल्या दिवशी मोठा पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकला. पातळ झालेलं पाणी पाहून काही कळत नाही.

जाळी आणि वाळू बसवायचा हौद पाच मिनिटांत उरकला. पाणकणसाच्या वाफ्यापाशी (खडीचा वाफा, त्यातून सांडपाणी वाहतं) मात्र रेंगाळलो. झाडं घाण पिऊन टाकतात असा माझा समज होता. खरं काम खडीवर चढलेल्या जिवाणूंच्या बुळबुळीत थराचं. मुळं त्याला आधार आणि थोडा ऑक्सिजन देतात. खडीखालून वाहायचं पाणी वर साचलेलं दिसलं तर वाफा तुंबलाय असं समजा. एक प्रश्न जरूर विचारा: गाळ शेवटचा कधी काढला? उत्तर पटकन आलं तर केंद्राकडे लक्ष आहे.

पण खरी तपासणी ओढ्यात. पाणी सोडतात त्या तोंडाच्या वरच्या बाजूला दगड उलटला, तर मेफ्लाय या उडत्या कीटकाच्या, पाण्यात वाढणाऱ्या तीन शेपट्यांच्या अळ्या सैरावैरा पळाल्या. त्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो. तोंडाखाली लगेच दगडावर कापसासारखी करडी बुरशी (खरं तर बहुतेक जिवाणूच) आणि चिखलात लालभडक अळ्या. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. म्हणून त्या कमी ऑक्सिजनमध्येही तगतात. उन्हाळ्यात ओढा आटतो आणि खालच्या अंगाला जवळजवळ केंद्राचंच पाणी वाहतं. पातळ करायला दुसरं पाणी नसतं, म्हणून अमोनिया थोडा जरी उरला तरी मासे मरतात. तेव्हा केंद्र पाहायचा काळही तोच.

सोबत गमबूट, हातमोजे, साबण, पिण्याचं पाणी ठेवा. जखम असेल तर झाका. नमुने घेणार असाल तर स्वच्छ टोकाकडून घाणीकडे या, नाहीतर तुमच्याच बुटांची घाण पुढच्या बाटलीत जाते. (माझी एक बाटली अशीच फुकट गेली.) बंद चेंबरमध्ये वाकून पाहू नका. सडक्या अंड्याचा वास अचानक थांबला तर हायसं वाटू देऊ नका: हा वास ज्याचा, तो विषारी वायू हायड्रोजन सल्फाइड वाढला की आधी नाक बधिर होतं, तेव्हा बाहेरच या.

दोनशेक पावलं खाली गेल्यावर एका दगडाखाली पुन्हा तीन शेपट्या दिसल्या. काकांना हाक मारली. "गेल्या उन्हाळ्यात त्या पार वळणापलीकडे सापडायच्या," ते म्हणाले, आणि दगड माझ्या हातातून घेऊन होता तसाच पालथा ठेवला. तुम्हीही तसाच ठेवा. खालच्या बाजूला त्यांची वस्ती असते.